लॅन कार्ड जुनं झालं की स्वस्त होतं, हे खरं आहे का?

जुनाखोका

नमस्कार मंडळी,

कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचे भाव वहीत टिपून ठेवायची मला जुनी खोड आहे. घ्यायचं असो वा नसो, दर दोन-तीन महिन्यांनी बसायचं, भाव बघायचे, लिहून ठेवायचे. घरात या वहीला ‘पंचांग’ म्हणतात.

रॅमचं पान उघडलं की बाजार कसा चढला-उतरला ते दिसतं. हार्ड डिस्कचं पान उघडलं की दर टेराबाइटमागचा भाव कसा खाली आला ते दिसतं. लॅन कार्डाचं, म्हणजे कॉम्प्युटरला नेटवर्कची तार जोडायच्या कार्डाचं, पान उघडलं की मात्र मती गुंग होते. तीन नोंदी सांगतो.

पहिली. इंटेलचं आय३५०-टी४. चार पोर्ट (तार लावायची तोंडं), वेग सेकंदाला एक गीगाबिट, म्हणजे हजार मेगाबिट, २०११ सालचं. इतकी वर्षं झाली, वेगाच्या हिशेबात ते केव्हाच म्हातारं झालं, तरी नवं कोरं घ्यायला गेलं तर भाव जवळपास तिथल्या तिथे.

दुसरी. इंटेलचंच एक्स५२०. दोन पोर्ट, दहा गीगाबिट, २००९ सालचं. वापरलेलं घेतलं तर वरच्या नव्या आय३५० पेक्षा कमी पैशात येतं. म्हणजे दहापट वेग आणि वर पैसे वाचले.

तिसरी नोंद लिहिताना हात थरथरतो. जुन्या पीसींमधल्या आयएसए स्लॉटचं (कार्ड बसवायच्या खाचेचं) ८ बिटी कार्ड. असली चार कार्डं मी स्वतःच्या हाताने भंगारात घातली होती. आता जुन्या यंत्रांचे शौकीन ती शोधत फिरतात आणि भाव चक्क चढता आहे.

तर प्रश्न असा, की लॅन कार्डाची किंमत नक्की कशावर हलते? ‘थांबा, वर्षभरात उतरेल’ हा सल्ला कार्डाच्या बाबतीत चालतो का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

पाकीटमार

वाखूसा (वाचनखूण साठवली). जाणकारांच्या प्रतीक्षेत.

(चार कार्डं भंगारात घातलीत? दंडवत.)

---

हिशेबनीस

छान धागा. तुमच्या वहीत एक रकाना कमी आहे असं वाटतं. तुम्ही कार्डाचा भाव लिहिता, पण दर मेगाबिटमागे भाव किती ते लिहीत नाही.

मुळापासून बघू. इथरनेटचा, म्हणजे लॅन कार्डं आपसात ज्या पद्धतीने बोलतात तिचा, जन्म १९७३ चा, झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात. वेग सेकंदाला २.९४ मेगाबिट. त्यावर काम केलेल्या बॉब मेटकाफ यांनी १९७९ मध्ये थ्रीकॉम ही कंपनी काढली आणि १९८२ मध्ये आयबीएम पीसीसाठी इथरलिंक हे कार्ड आणलं. किंमत ९५० डॉलर, वेग १० मेगाबिट. म्हणजे मेगाबिटला ९५ डॉलर. महागाई धरली तर तेव्हाचे ९५० म्हणजे आताचे सुमारे ३००० डॉलर होतात, आणि ते एका मशीनच्या एका पोर्टाचे!

गंमत अशी, की त्या काळात हेच कार्ड ‘स्वस्त’ म्हणून गाजलं. कारण त्याआधी कंट्रोलर म्हणजे चिपांनी खचाखच भरलेला बोर्ड, शिवाय जाड कोअॅक्स केबलवर बसवायचा ट्रान्सीव्हरचा (तारेवर संदेश सोडणाऱ्या-घेणाऱ्या भागाचा) वेगळा डबा. इथरलिंकमध्ये सीक कंपनीची एकच कंट्रोलर चिप आली, ट्रान्सीव्हर कार्डावरच बसला आणि पातळ केबल थेट कार्डाला लावता आली. त्या पातळ केबलच्या इथरनेटला लोक ‘चीपरनेट’ म्हणायचे. नावातच स्वस्ताई.

म्हणून माझं म्हणणं, की पहिली मोठी घसरण वेळ गेल्यामुळे झाली नाही, बोर्डभर पसरलेलं काम एका चिपमध्ये मावलं त्या दिवशी झाली. त्याच्या आदल्या दिवशीपर्यंत थांबून कुणाचा काही फायदा झाला नसता.

---

थर_पहिला

हिशेबनीसांशी सहमत, पण चिप हा अर्धाच भाग झाला. उरलेला अर्धा म्हणजे किती जण तेच कार्ड बनवू शकतात.

आयबीएमचं टोकन रिंग आठवा, इथरनेटची प्रतिस्पर्धी पद्धत. १९८५ मध्ये ४ मेगाबिटचं आलं, १९८९ मध्ये १६ चं. कागदावर इथरनेटपेक्षा शिस्तीचं. टोकन हातात आलं की बोलायचं, एकमेकांवर आदळायचा प्रश्नच नाही. पण कार्डं कायम महाग राहिली. इथरनेटचं मात्र डीईसी, इंटेल आणि झेरॉक्स यांनी १९८० मध्येच जाहीर मानक केलं होतं, १९८३ मध्ये ते आयईईई या मानकं ठरवणाऱ्या अभियंत्यांच्या संघटनेकडून ८०२.३ म्हणून मंजूर झालं. मग काय, ज्याच्याकडे सोल्डरिंग करणारे हात होते तो कार्ड बनवायला बसला.

त्यात नोव्हेलने तेल ओतलं. नोव्हेलला विकायचं होतं नेटवेअर, म्हणजे नेटवर्क चालवणारं सॉफ्टवेअर. कार्ड महाग असलं की नेटवेअर खपत नाही. म्हणून त्यांनी एनई१००० आणि एनई२००० ही साधीसुधी कार्डं आणली. आत नॅशनल सेमीकंडक्टरची ८३९० चिप, रचना जवळपास चिपवाल्यांनी सुचवलेलीच. नक्कल करायला सोपी. आणि नकला किती व्हाव्यात! पुढे कित्येक वर्षं कार्डाच्या खोक्यावर कंपनीचं नाव बारीक आणि ‘एनई२००० कंपॅटिबल’ ठळक असायचं. कारण गिऱ्हाईक कार्ड घेतच नव्हतं, ते ‘माझ्याकडे असलेला ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) चालेल’ एवढी खात्री घेत होतं. ती खात्री कोणत्याही निनावी कार्डाबरोबर मिळायला लागली, तेव्हा नावाजलेल्या कंपन्यांचे भाव टिकेनात.

नंतर १९९० मध्ये १०बेस-टी आलं, कोअॅक्स जाऊन टेलिफोनसारखी पीळदार जोडतार आली. मधल्या काळातली तीन तोंडांची कॉम्बो कार्डं आठवतात का कुणाला? बीएनसी पातळ केबलला, एयूआय जाड केबलच्या डब्याला आणि आरजे-४५ पीळदार तारेला. तिघांपैकी दोन तोंडं जन्मभर रिकामी. पैसे मात्र तिन्हींचे.

---

कोरीपाटी

वाचतेय. काही डोक्यावरून जातंय, पण मजा येतेय. एक बाळबोध प्रश्न. आता तर मदरबोर्डवरच लॅन पोर्ट असतो. मग कार्ड घेतं कोण?

---

थर_पहिला

@कोरीपाटी, बाळबोध कसला, धाग्याची किल्ली हीच आहे. त्याआधी एक पायरी सांगतो, म्हणजे पुढचं लागेल.

१९९५ मध्ये फास्ट इथरनेट आलं, १०० मेगाबिट. सुरुवातीला इंटेल, थ्रीकॉम, डीईसीच्या चिपा असलेली चांगली, आणि चांगल्या किमतीची कार्डं. मग त्या दशकाच्या शेवटी रिअलटेकची आरटीएल८१३९ चिप आली आणि भाव बसले ते बसलेच. या चिपचं फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिममधल्या ड्रायव्हरच्या कोडमध्ये जे वर्णन आहे ते अजून लोक एकमेकांना दाखवतात. लेखकाने लिहून ठेवलंय, की ‘लो एंड’ या शब्दाचा अर्थच हिने नव्याने ठरवला. राग का, तर आलेली पाकिटं (डेटाचे तुकडे) ही चिप मेमरीतल्या एका लांबलचक गोल बफरमध्ये (तात्पुरत्या जागेत) एकापाठोपाठ टाकते आणि तिथून ती उचलून नीट जागी ठेवायचं काम प्रोसेसरवर पडतं. पाठवतानाही डेटा ठरावीक हद्दीवर जुळलेला नसेल तर पुन्हा नक्कल करा.

म्हणजे कार्ड स्वस्त झालं ते काही अंशी काम दुसऱ्याच्या गळ्यात घालून. कार्डावरचे पैसे वाचले, प्रोसेसरचा वेळ गेला. तोवर प्रोसेसर इतके वेगवान झाले होते, की घरच्या वापरात कुणाला पत्ताही लागला नाही.

---

पाकीटमार

८१३९ ला नावं ठेवायचं काम नाही! माझ्या राउटर-मशीनमध्ये असली दोन कार्डं वर्षानुवर्षं होती. एकदाही रुसली नाहीत. ती जिथे लागते तिथे ड्रायव्हर असतोच, बूट होतं, पिंग जातं. अजून काय हवं माणसाला?

---

थर_पहिला

@पाकीटमार, नावं मी नाही ठेवली, ड्रायव्हर लिहिणाऱ्याने ठेवली. मीही तीच वापरायचो. :)

आता कोरीपाटींचा प्रश्न. चिप इतकी स्वस्त झाली की कार्डाच्या किमतीत तिचा वाटा नगण्य राहिला. मग उरतं काय? तांब्याचे थर असलेला बोर्ड, आरजे-४५ चा सॉकेट, त्यातले किंवा त्यामागचे बारीक ट्रान्सफॉर्मर, कार्ड कॅबिनेटला अडकवायची पत्र्याची पट्टी, खोका, वाहतूक, परत आलेला माल बदलून द्यायचा खर्च. यातलं काहीही चिपसारखं दर दोन वर्षांनी निम्मं होत नाही. म्हणून प्रत्येक पिढीचं कार्ड शेवटी एकाच तळाला येऊन बसतं. शंभर मेगाबिटचं घ्या नाहीतर गीगाबिटचं, तळ तोच. तिथून खाली जायला वाट नाही.

म्हणजे, एक वाट आहे. कार्डच नाहीसं करायचं. सॉकेट मदरबोर्डला लावा, पट्टी नको, खोका नको. इंटेलने २००० मध्ये मदरबोर्डवरच्या आयसीएच२ चिपसेटमध्येच १०/१०० चा कंट्रोलर घातला. बाहेर एक बारकी फिजिकल थराची (तारेशी बोलणारी) चिप आणि सॉकेट लावला की काम झालं. तिथून पुढे ‘साधं लॅन कार्ड’ हा बाजार आटत गेला. आज सुटं कार्ड म्हणून जे विकतं ते म्हणजे मदरबोर्डने अजून गिळलेलं नाही ते.

जुनाखोका, तुमच्या वहीचं पान म्हणूनच कळत नाही. रॅमच्या पानावर कायम रॅमच असते. लॅन कार्डाच्या पानावर दर काही वर्षांनी वस्तूच बदलते आणि तुम्ही मात्र एकाच रकान्यात लिहीत बसता.

---

जुनाखोका

अरे! वस्तू बदलते हे डोक्यातच आलं नव्हतं. २००३ च्या पानावर ‘लॅन कार्ड’ म्हणजे दहा-शंभरचं साधं कार्ड आहे, २०१५ च्या पानावर त्याच नावाखाली चार पोर्टांचं सर्व्हर कार्ड. मी दोन्ही बिंदू एका रेघेने जोडलेत. शाळेत असतो तर कान उपटला गेला असता.

पण आय३५० चं कोडं सुटलं नाही. तेही एव्हाना तळाला यायला हवं होतं ना?

---

सर्व्हरमावशी

इतका वेळ नुसती वाचत होते, आता राहवत नाही. माझा पोटापाण्याचा धंदा सर्व्हर बसवायचा आणि उतरवायचा, त्यामुळे तुमच्या पहिल्या दोन नोंदींची दोन्ही टोकं माझ्या हाताखालून जातात.

आय३५० घेणारा वेगासाठी घेतच नाही. त्याला एका स्लॉटमध्ये चार पोर्ट हवे असतात, फायरवॉलसाठी किंवा चार वेगळी नेटवर्कं एका मशीनला लावायला. त्याला ड्रायव्हर सगळीकडे हवा, सर्व्हरच्या ‘चालेल’ यादीत नाव हवं, आणि तीन वर्षांनी कार्ड जळलं तर हुबेहूब तेच पुन्हा मिळायला हवं. अशा गिऱ्हाइकाला भाव थोडा इकडेतिकडे झाल्याने फरक पडत नाही, मग बनवणाऱ्याने कमी का करावा? नवं सर्व्हर कार्ड उतरत जात नाही. ते एका पातळीवर वर्षानुवर्षं बसून राहतं आणि उत्पादन बंद व्हायची वेळ आली, की कधी कधी उलट वर जातं. कारण ज्यांच्या यंत्रणेत तेच कार्ड मंजूर आहे ते शेवटचा साठा उचलतात.

आता एक्स५२०. ते स्वस्त झालं ते मोठ्या डेटा सेंटरांमुळे. पूर्वी सर्व्हरला दहा गीगाबिट आणि स्विचच्या (सर्व्हर एकमेकांना जोडणाऱ्या डब्याच्या) वरच्या जोडणीला चाळीस अशी पद्धत होती. चाळीस म्हणजे दहाच्या चार लेन (डेटाच्या वाटा) एकत्र बांधलेल्या. मग एकाच लेनमध्ये पंचवीस बसवता यायला लागले. २०१४ मध्ये गूगल, मायक्रोसॉफ्ट, अरिस्टा, ब्रॉडकॉम, मेलानॉक्स यांनी त्यासाठी एकत्र येऊन गट केला, २०१६ मध्ये आयईईईचं मानकही आलं. हिशेब सरळ आहे. तेवढ्याच तारांत, स्विचच्या तेवढ्याच पोर्टांत अडीचपट माल जातो. मग दहा आणि चाळीसवाली कार्डं कोण ठेवतो? रॅकच्या रॅक उतरले. हजारो कार्डं एकदम बाजारात आली आणि ती घ्यायला होते कोण, तर घरी प्रयोगशाळा थाटलेले तुमच्यासारखे चार हौशी.

भाव पडला तो यामुळे. कार्ड तर ठणठणीत होतं.

---

हिशेबनीस

मावशी, हे फार नेमकं सांगितलंत. म्हणजे नव्याचा भाव ठरवतो बनवणारा, जुन्याचा भाव ठरवते उतरवणाऱ्याची घाई. दोन वेगळे बाजार. वहीत दोन रकाने हवेत.

---

सर्व्हरमावशी

तीन करा. ड्रायव्हरचा रकाना राहिला.

मेलानॉक्सचं कनेक्टएक्स-३ घ्या. एकेकाळचं सुरेख कार्ड. पण एका सर्व्हरवर अनेक आभासी मशीन चालवणाऱ्या व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय ८ ने २०२२ मध्ये त्याचा ड्रायव्हर काढून टाकला. त्याआधी २०२० च्या आवृत्ती ७ मध्ये जुन्या पद्धतीचे सगळे ड्रायव्हर एका झटक्यात गेले, त्यांच्याबरोबर कितीतरी जुनी कार्डं. ज्याला ईएसएक्सआय चालवायचं त्याच्या लेखी कार्ड मेलं. लिनक्सवाल्याच्या लेखी ते अजून धडधाकट, कर्नलमध्ये ड्रायव्हर आहे. म्हणून लिनक्सवाल्यांनो, दुसऱ्याचं मेलेलं कार्ड हे तुमचं स्वस्त कार्ड. हलकेच घ्या.

आणखी एक, नवख्यांसाठी. फार म्हणजे फारच स्वस्त दिसलं तर फोटोत कनेक्टर बघा. कित्येक कार्डं नेहमीच्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटची नसतात, एकेका कंपनीच्या सर्व्हरमध्ये आडवी बसणारी मेझानीन असतात. चिप तीच, वेग तोच, पण तुमच्या मशीनमध्ये बसायला जागाच नाही. भाव कमी असतो तो त्याच कारणाने.

---

कोरीपाटी

मावशी, मग मी दहा गीगाबिटचं जुनं कार्ड घेऊन टाकू का? एका फाइल सर्व्हरला आणि एका डेस्कटॉपला, दोघांमध्ये थेट केबल.

---

हिशेबनीस

मावशींच्या आधी मी नाक खुपसतो. घेण्याआधी विजेचा हिशेब करा. जुनी सर्व्हर कार्डं स्वतः वीज खातातच, शिवाय काही कार्डं प्रोसेसरला गाढ झोपेच्या अवस्थेत जाऊ देत नाहीत. मशीन चोवीस तास चालू असेल आणि या सगळ्यामुळे समजा दहा वॉट जास्त गेले, तर वर्षाला जवळजवळ ८८ युनिट होतात. आपापल्या वीजदराने गुणा. दोन-तीन वर्षांत ते ‘स्वस्त’ कार्ड तेवढं स्वस्त उरत नाही.

दुसरं म्हणजे स्लॉट. एक्स५२० ला पीसीआय एक्सप्रेस २.० च्या आठ लेन हव्यात. साध्या मदरबोर्डवर असा रुंद स्लॉट एकच असतो आणि तिथे ग्राफिक्स कार्ड ठाण मांडून बसलेलं असतं. आताच्या नव्या चिपांना दहा गीगाबिटसाठी पीसीआय एक्सप्रेस ४.० ची एकच लेन पुरते. जुनं कार्ड स्वस्त असण्यामागे हेही आहे, ते बसवायची जागा फार थोड्यांकडे असते.

---

थर_पहिला

@कोरीपाटी, तांब्याच्या केबलवरचं दहा गीगाबिट हवं असेल तर भावाची गोष्ट आणखी वेगळी आहे.

फायबरवरचं दहा गीगाबिट २००२ मध्ये आलं. आपल्या ओळखीच्या आरजे-४५ वरचं, म्हणजे १०जीबेस-टी, २००६ मध्ये. मानक आलं पण कार्ड घराघरात आलं नाही, कारण उष्णता. चार जोड्यांमधून एवढा वेग काढायचा म्हणजे चिपला सतत प्रतिध्वनी आणि शेजारच्या जोडीचा गोंगाट वजा करत बसावं लागतं. पहिल्या चिपा यासाठी पोर्टामागे दहा वॉटच्या आसपास खायच्या, कधी जास्तच. एवढ्या उष्णतेला मोठा हीटसिंक, कधी पंखा. इथे वाट बघण्याला अर्थ होता, पण वाट कशाची, तर ट्रान्झिस्टर लहान होण्याची. २०१२ मध्ये इंटेलचं एक्स५४० आलं, दोन पोर्ट एका चिपमध्ये, ४० नॅनोमीटर. २०१७ मध्ये अक्वांशियाची एक्यूसी१०७ चिप असलेली कार्डं शंभर डॉलरच्या आसपास आली, तेव्हा घरगुती माणसाने पहिल्यांदा दहा गीगाबिटकडे मान वळवून बघितलं. आणि २०२५ च्या कम्प्युटेक्स प्रदर्शनात रिअलटेकने आरटीएल८१२७ मांडली, दोन वॉटच्या आतबाहेर चालणारी. ८१३९ चीच नात म्हणा. रिअलटेक एखाद्या वेगात उतरली की समजायचं, आता मदरबोर्ड हा वेग गिळणार.

मधल्या अडीच गीगाबिटचंही तेच झालं. मानक २०१६ चं, मूळ हेतू असा की आधी भिंतीत घातलेली केबल बदलावी लागू नये. पण २०१९ ला रिअलटेकची ८१२५ आणि पाठोपाठ इंटेलची आय२२५ येईपर्यंत कुणी विचारलं नाही. आय२२५ च्या पहिल्या आवृत्तीत तर दोन पाकिटांमधलं अंतर मानकापेक्षा कमी पडायचं, काही स्विचांबरोबर पाकिटं गळायची, चिपची सुधारित आवृत्ती काढावी लागली. वापरलेलं घ्यायचं तर आवृत्ती विचारून घ्या. मूळ आवृत्तीचं कार्ड कुणी उगाच स्वस्त देत नाही.

---

बिनतारी

अवांतर होईल, पण वायफाय कार्डाचीही हीच कथा आहे आणि तिचं टोक जास्त मजेदार आहे.

१९९९ मध्ये अॅपलने आयबुकबरोबर एअरपोर्ट कार्ड आणलं, ९९ डॉलरला. आतलं तंत्र ल्यूसंटचं. त्याआधी असली कार्डं कचेऱ्यांसाठीच असायची आणि भावही कचेरीचेच. अॅपलने नवं काही शोधलं नव्हतं, पण लॅपटॉपमध्ये अँटेना आधीच बसवून ठेवली आणि खपाचा अंदाज मोठा धरला. २००३ मध्ये इंटेलने सेंट्रिनो म्हणून प्रोसेसर, चिपसेट आणि वायफाय एकत्र विकलं. संपलं, पीसी-कार्डवाले (लॅपटॉपच्या खाचेत घालायची कार्डं विकणारे) घरी बसले.

आता गिळायची नवी रीत बघा. इंटेलचं एएक्स२०० आणि एएक्स२०१ शेजारी ठेवा, दिसायला जुळी भावंडं. पण २०१ मध्ये कामाचा मोठा भाग इंटेलच्या चिपसेटमध्येच आहे, कार्डावर फक्त रेडिओ. म्हणून ते स्वस्त, आणि म्हणूनच ते इतर प्रोसेसरवर चालतच नाही. भाव बघून २०१ मागवणारे आणि मग ‘कार्ड मेलेलं आलं’ म्हणून ओरडणारे मी इतके पाहिलेत की मोजायचं सोडलं.

---

पाकीटमार

@बिनतारी, मोजलेल्यांत मी होतो का? :(

---

जुनाखोका

हा धागा काढल्याचं सार्थक झालं. वही घेऊनच बसलोय आणि तुमचं एकेक वाक्य पानांशी ताडून बघतोय. दोन गोष्टी माझ्याकडून.

एक. २०२१-२२ ची पानं बघितली तर सगळं उलटं. नवी कार्डं चढलेली किंवा ‘उपलब्ध नाही’, आणि ती मिळेनात म्हणून वापरलेलीही चढलेली. चिपांच्या टंचाईचा काळ. तेव्हा मला वाटायचं टंचाई फक्त ग्राफिक्स कार्डांची. पण लॅन चिपा जुन्या, मोठ्या नॅनोमीटरच्या कारखान्यांत बनतात, आणि गाड्यांपासून वॉशिंग मशीनपर्यंत सगळे त्याच कारखान्यांच्या दारात उभे होते. तिथे नवी क्षमता वाढवायला फारसं कुणी तयार नसतं, नफा नव्या तंत्रात असतो. म्हणजे जुनाट तंत्र म्हणून स्वस्त आणि जुनाट तंत्र म्हणूनच अडलेलं.

दोन. आय३५० च्या पानावर मध्येच काही नोंदी इतक्या खाली आहेत की मी तेव्हा समासात उद्गारचिन्ह काढलंय. आता उमगतंय. नव्याचा भाव वर्षानुवर्षं टिकून राहतो म्हटल्यावर नक्कल करणाऱ्यांचं फावतं. इंटेलच्या सर्व्हर कार्डांच्या बनावट प्रती बाजारात खूप फिरतात. माझ्याकडे एक आलं होतं. विकणाऱ्याने ‘मूळ कंपनीचं, फक्त खोका नाही’ म्हणून दिलेलं. चालायचं, पण चारही पोर्ट भरले की तासाभरात एक पोर्ट गायब. खऱ्या कार्डाशेजारी ठेवल्यावर सोल्डरिंगचा दर्जा आणि पोर्टांमागच्या ट्रान्सफॉर्मरवरची छपाई वेगळी दिसली. ते उद्गारचिन्ह आता खोडून तिथे फुली मारली आहे.

---

सर्व्हरमावशी

बरोबर पकडलंत. नव्या सर्व्हर कार्डाचा भाव निम्म्याने कमी दिसला तर आनंद करू नका. डेल, एचपी, लेनोवो यांच्या सर्व्हरांतून निघालेली त्यांच्या छापाची कार्डं घ्या. आत तीच इंटेलची नाहीतर मेलानॉक्सची चिप असते, वापरलेली असतात पण खरी असतात. वरचा स्टिकर वेगळा म्हणून हौशी लोक बिचकतात, आणि म्हणूनच ती थोडी स्वस्तही जातात. ‘आता एनव्हिडिया लिहिलेलं का नाही’ असंही एकाने विचारलं होतं. मेलानॉक्स एनव्हिडियाने २०२० मध्ये घेतली, अहो, जुन्या कार्डावर कोण नवा शिक्का मारत बसणार!

@कोरीपाटी, तुमचा फाइल सर्व्हर रात्री बंद असतो का? असेल तर विजेची चिंता सोडा. दोन जुनी एसएफपी प्लस कार्डं (आरजे-४५ ऐवजी मॉड्यूल बसवायची खाच असलेली) आणि मध्ये दोन्ही टोकांना मॉड्यूल लावलेली एक तयार डायरेक्ट-अॅटॅच केबल, स्विचची गरजच नाही. फक्त इंटेलचं एक्स५२० घेतलंत तर दुसऱ्याच कंपनीचं मॉड्यूल ते नाकारू शकतं. लिनक्समध्ये ड्रायव्हरला एक पर्याय देऊन ते मान्य करवता येतं.

---

कोरीपाटी

रात्री बंदच असतो. मग घेतेच. :)

---

कोरीपाटी

तीन आठवड्यांनी परत आले. दोन कार्डं आली, केबल आली, दोन्ही मशीनमध्ये लिनक्सने विनातक्रार ओळखली. इथपर्यंत सगळं छान.

पण दोन्ही कार्डांना लावलेली पत्र्याची पट्टी बुटकी आहे, पातळ सर्व्हरमधली. माझ्या कॅबिनेटमध्ये कार्ड स्लॉटमध्ये बसतं पण स्क्रू लावायला वर काही पोचतच नाही, आणि केबल ओढली गेली की कार्ड हलतं. उंच पट्टी वेगळी शोधली तर दोन पट्ट्यांचे पैसे एका कार्डाच्या जवळपास जातायत. हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

---

जुनाखोका

हसून हसून पुरेवाट. चौथा रकाना आखतोय.

तोवर कार्डाचा नंबर इथे टाका. भंगारात काय काय घातलं ते वर सांगितलंच आहे, पण काढलेल्या पट्ट्यांचा डबा मी कधी टाकला नाही. एक्स५२० ची उंच पट्टी त्यात असायला हवी, भोकं जुळली तर तुमची.